‘?? लावलं की झालं’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेबद्दल मी लिहिलं होतं, की ज्या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) इफच्या, म्हणजे अटीच्या, आत किंमत मिळते, त्याला इफच्या आधीच सुरुवातीची किंमत द्यावी. तुमचा आक्षेप असा, की ही सी भाषा शिकलेल्यांची जुनी खोड आहे. पीएचपी ७ पासून ?? हे चिन्ह आहे (डावीकडे किंमत नसेल तर उजवीकडची घेतं), वापरताना `$सवलत ?? 0` लिहिलं की भागतं. आणि नाही लिहिलं तरी किंमत नसलेलं व्हेरिएबल वापरल्याबद्दल येते ती नुसती नोटीस, म्हणजे सौम्य सूचना.

नोटीसचं आधी. २०२० मध्ये पीएचपी ८.० आल्यापासून ती वॉर्निंग झाली आहे, आणि ९.० मध्ये थेट एरर फेकायचा प्रस्ताव मंजूर आहे.

आता ??. छपाईच्या फाइलमध्ये चुकून `$सवलात ?? 0` टाइप झालं, तर प्रत्येक बिलावर शून्य सवलत छापली जाईल आणि लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) अवाक्षर नसेल. (पीएचपीत देवनागरी नावं चालतात, म्हणून तीच घेतली.) ?? नसतं, तर पहिल्याच बिलाला वॉर्निंग आली असती.

खरी गोम लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये आहे. समजा, फोरईच या लूपमधून एकेक बिल काढताय. घाऊक ग्राहक असेल तर इफमध्ये `$सवलत = 15;` होतं, बाकीच्यांसाठी काहीच लिहिलेलं नाही. पहिलं बिल घाऊकवाल्याचं, दुसरं किरकोळवाल्याचं. पीएचपीत कंसाबरोबर व्हेरिएबल संपत नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत `$सवलत` मध्ये मघाचे १५ तसेच पडून असतात. ?? ला किंमत सापडते, तो शून्यापर्यंत जातच नाही. किरकोळवाल्याला फुकटात १५ टक्के! इथे वॉर्निंगही येणार नाही, कारण व्हेरिएबल अनडिफाइन्ड (किंमत न मिळालेलं) नाहीच, शिळं आहे. क्रम उलटा असेल तर बिलं बरोबर निघतात, म्हणून टेस्टिंगमध्येही हे निसटतं. लूपच्या आत पहिल्याच ओळीत `$सवलत = 0;` लिहिलं की प्रश्न मिटतो. लूपच्या बाहेर लिहून उपयोग नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: वर शून्य ठेवलं की विसरलेली अट झाकली जाते. जिथे शून्य गृहीत धरणं धोक्याचं, उदाहरणार्थ जीएसटीचा दर, तिथे मीही शून्य ठेवत नाही. ८.० पासूनचं मॅच वापरतो, जे दिलेल्या पर्यायांतून जुळणारा निवडतं. डीफॉल्ट (काहीच न जुळल्यास वापरायचा पर्याय) दिला नाही आणि एकही पर्याय जुळला नाही, तर ते एरर फेकून तिथेच थांबतं. चुकीचं बिल जाण्यापेक्षा ते परवडलं.

आणि ?? मीही रोज वापरतो, पण फॉर्ममधून किंवा यूआरएलमधून येणाऱ्या माहितीसाठी. ती येईल की नाही हे आपल्या हातात नसतं. `$सवलत` आपणच तयार केलेली असते.