तुमच्याबद्दल नाही हो

निकालाच्या रात्री, २३ फेब्रुवारी २०२५ ला, डोंबिवलीहून मामाचा मेसेज आला. ‘जर्मनी जागी झाली! आता सरळ होतील सगळे.’ पुढे टाळ्या वाजवणारे चार हात. एएफडी हा इथला, स्थलांतरितांना विरोध करणारा अतिउजवा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन देशात दुसरा आला होता. मी राहतो त्या सॅक्सनी राज्यात पहिला, ३७ टक्क्यांच्याही वर.

माझ्या खालच्या मजल्यावरचे आजोबा त्या ३७ टक्क्यांतले. मी घरी नसलो की माझी पार्सलं घेऊन ठेवतात, दिवाळीची चकली नाकातोंडातून पाणी गाळत संपवतात. बर्लिनची भिंत पडल्यावर ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेने पूर्व जर्मनीतले कारखाने चारेक वर्षांत विकले, नाहीतर बंद केले. त्यात यांचाही गेला. वय तेव्हा चाळिशीचं. मुलगी नोकरीसाठी म्युनिकला गेली ती तिकडचीच झाली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर ते परत कामावर गेलेच नाहीत. त्यामुळे हा राग मला परका वाटत नाही. ‘अडाणी, द्वेषाने भरलेली माणसं’ असं कुणी बर्लिनच्या कॅफेत बसून म्हटलं की माझं डोकं उठतं.

एकदा मी विचारलंच, मग माझं काय? खालचे आजोबा गडबडले. म्हणाले, ‘तुमच्याबद्दल नाही हो ते.’

हे वाक्य मी लहानपणी मराठीत ऐकलंय. परप्रांतीयांवर तावातावाने बोलून झालं की मामा शेजारच्या तिवारींकडे वळून म्हणायचा, ‘तुमच्याबद्दल नाही हो, तुम्ही आपले.’ तिवारी हसायचे. ते हसू कसलं होतं, हे मला ड्रेस्डेनच्या जिन्यात कळलं.

कारण ‘आपले’ कोण, ते ठरवणं तिवारींच्याही हातात नव्हतं आणि माझ्याही नाही. २००० साली जर्मनीने परदेशी संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, काढला, तेव्हा युर्गन रुटगर्स यांच्या प्रचारातून ‘किंडर श्टाट इंडर’ ही घोषणा गाजली. म्हणजे, भारतीय नकोत, आपली पोरं हवीत. रुटगर्स काही अतिउजवे नव्हते, ते मर्केलबाईंच्या सीडीयू पक्षाचे. (आपल्या राज्याची ती निवडणूक हरले, पुढच्या खेपेला तिथलेच मुख्यमंत्री झाले.) २०२४ मध्ये याच देशाने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेली. नकोसे होतो, हवेसे झालो. आम्ही तेच आहोत. एएफडीसुद्धा २०१३ मध्ये युरो चलनाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांचा पक्ष म्हणूनच सुरू झाली होती. निर्वासितांचा मुद्दा तिला २०१५ नंतर गवसला.

तरी मामाला आणि एएफडीला मी एका मापाने मोजणार नाही. महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिका, ही मागणी मला आजही रास्त वाटते. इथे नागरिकत्वाला बी-वन पातळीचं जर्मन लागतं. ऑफिस करून, रात्री जागून मी ती परीक्षा दिली आणि त्यात मला काही अन्याय वाटला नाही. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारलं, त्याची मात्र लाज वाटली. कानफटात खाऊन कुणी भाषा शिकत नाही.

पण शिकल्यावर काय? तिवारींची मुलगी आज मराठी शाळेत शिकवते. भांडण पेटलं की ती कुणाची? इथे एएफडीने जानेवारी २०२५ मध्ये रीझा गावातल्या अधिवेशनात ‘रेमिग्रेशन’, म्हणजे परत पाठवणी, हा शब्द जाहीरनाम्यात घेतला. पक्ष म्हणतो, ते बेकायदा राहणाऱ्यांसाठी आहे. पण त्याच वर्तुळात ‘पासडॉयच’ हाही शब्द फिरतो: पासपोर्टापुरते जर्मन. बी-वन काय, सगळ्यात वरची सी-टू दिली तरी त्यातून सुटका नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे जर्मन पासपोर्ट हवा तर निळा परत करावा लागेल. माझा अर्ज भरून तयार आहे. दोन महिने टेबलावर पडलाय.

त्या रात्री मामाला मी एवढंच लिहिलं, ‘मामा, सरळ होणाऱ्यांत मी पण येतो रे.’ दोन निळ्या खुणा उमटल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘तुझ्याबद्दल नाही. तिकडे थंडी किती आहे?’