समुद्र उजवीकडे आहे

मला एसटी लागते, चारचाकी लागते, जत्रेतला पाळणा तर लांबून बघितला तरी लागतो. रेल्वे तेवढी आजवर लागली नव्हती. तोही आधार उरू नये म्हणून की काय, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहणाऱ्या भाच्याने आमची तिथल्याच केर्न्सची तिकिटं काढली ती वळणावर कलणाऱ्या गाडीची.

"मामा, टिल्ट ट्रेन हाय. वळण आलं की डबा आत कलतो."

"आणि सरळ कोण करतं?"

"आपोआप हुतोय की. तुम्ही फक्त उजवी खिडकी धरा. समुद्र उजवीकडे आहे. नॉर्थ कोस्ट लाइन म्हणतात तिला."

समुद्राचं नाव काढल्यावर प्रश्नच मिटला. आमची ही रत्नागिरीची. मी शिरोळ तालुक्यातला, म्हणजे पाणी बघायचं तर कृष्णेचं, तेही पुरात. आलेपाकाचा डबा पिशवीत टाकून आम्ही दुपारी रोमा स्ट्रीट स्टेशनवर हजर झालो.

अंतर 1681 किलोमीटर, वेळ साधारण 25 तास. मुंबईहून रेल्वेने दिल्ली गाठली तरी जवळजवळ तीनशे किलोमीटर शिल्लक राहतील. आणि एवढं करूनही क्वीन्सलँडच्या बाहेर पाऊल पडत नाही, कारण ते एक राज्यच आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट आहे.

कलण्यामागचं कारण भाच्याने स्टेशनवरच ऐकवलं. इथले रूळ 1067 मिलिमीटर रुंदीचे, आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा चार बोटं जास्त. 1865 साली या राज्यात रेल्वे आली तेव्हा तिजोरीत खडखडाट, म्हणून अरुंद रूळ टाकले. अरुंद रुळांना आखूड वळण चालतं, त्यामुळे डोंगर फोडत बसण्यापेक्षा वळसा घालून पुढे जायचं. असं करत करत केर्न्सपर्यंत सलग रूळ जुळायला 1924 उजाडलं. त्या वाकड्यातिकड्या मार्गावर आता ताशी 160 पर्यंत गाडी पळवायची, तर वळणावर प्रवासी बाहेरच्या अंगाला फेकला जाणार. म्हणून डबा आतल्या अंगाला झुकवतात. गाडी पडू नये म्हणून नव्हे हं, चहा कपात राहावा म्हणून! याच जातीच्या विजेवरच्या गाडीने 1999 साली ताशी 210.7 किलोमीटरचा ऑस्ट्रेलियातला विक्रम केला. भाच्याने हे अभिमानाने सांगितलं, मी मुकाट्याने पहिली वडी तोंडात टाकली.

चहा खरंच हलत नाही. हलतं ते बाकीचं. पोटातलं पाणीही न हलता आपण आरामात बसलेले असतो आणि खिडकीबाहेरचं सगळं शिवार मात्र एका बाजूने वर उचललं जातं. कान सांगतात सरळ आहेस, डोळे सांगतात गेलास. दोघांच्या भांडणात निकाल पोट देतं.

उभं राहिल्यावर तर आणखी मजा. जयसिंगपूर-कोल्हापूर एसटीत उभ्याने जन्म काढलेला माणूस मी. वळण डावीकडे दिसलं की आपण आधीच डावीकडे झुकतो, म्हणजे उजवीकडे फेकलं जाणारं अंग बरोबर मध्ये येतं. इथे मी सवयीने झुकलो आणि माझ्याआधी डबाच झुकलेला. फेकणारं कुणी उरलंच नाही, त्यामुळे मी तसाच पुढे जात लोकर विणत बसलेल्या एका आजोबांच्या मांडीवर पोहोचलो. आजोबांनी आधी सुया बाजूला घेतल्या, मग मला. "नो वरीज" म्हणाले. तुमचं बरोबर आहे हो, तुम्ही खाली होता.

रात्री परिचारक आला, त्याने खुर्ची उलटीपालटी करून चक्क पलंग केला आणि वर पांघरूणही अंथरून दिलं. या गाडीचं हे कौतुक मोकळ्या मनाने करायला हवं. पण आडवं झाल्यावरही कलणं काही सुटत नाही. फक्त आता ते डोक्याकडून आहे की पायाकडून, हे कळेनासं होतं. मध्यरात्रीच्या सुमाराला रॉकहॅम्प्टन आलं. हे गाव जवळजवळ मकरवृत्तावर आहे. तिथून पुढे गाडी डेनिसन स्ट्रीट नावाच्या भर रस्त्याच्या मधोमध चालते. खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या, उभ्या केलेल्या मोटारी आणि आमची गाडी वरातीच्या चालीने मधून. अख्ख्या प्रवासात माझ्या पोटाला मानवलेली तेवढीच वेळ.

सकाळी उठलो तो उजव्या खिडकीला नाक लावूनच. बाहेर ऊस.

प्रॉसरपाइन गेलं, ऊस. टाउन्सव्हिलच्या पुढे इंगमला पुन्हा ऊस, तोही हात जोडून नमस्कार करावा असा. मधूनमधून ऊस वाहणाऱ्या छोट्या गाड्यांचे दोन फुटी रूळ दिसत, अगदी आमच्या माथेरानच्या गाडीच्या मापाचे. शिरोळचा माणूस विमानाचं तिकीट काढून, रात्रभर कलून, ऊस बघायला आला! ही डावीकडे डोंगर बघत शांत बसली होती. "कोकण रेल्वेतून तरी कुठे दिसतो समुद्र?" म्हणाली. "बोगदेच बोगदे. पण आम्ही कुणाला खिडकी धरायला सांगत नाही."

दुपार कलताना केर्न्स आलं. सामान हॉटेलात टाकलं आणि तसेच किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. समोर लांबच लांब चिखल, त्यात चोची खुपसणारे पक्षी, आणि बाजूला मगरींपासून सावध राहण्याची पाटी. इथे पोहायची सोय नाही म्हणून नगरपालिकेने किनाऱ्यालाच खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधून दिलाय. लोक समुद्राकडे पाठ करून त्यात डुंबत होते.

हिने पाटी वाचली, चिखल बघितला, मग पिशवीतला डबा काढून हलवून पाहिला.

"परतीला पुरतील एवढ्या वड्या आहेत," म्हणाली. "तुम्ही डावीकडे बसा. आता समुद्र डावीकडे असेल."