आज आणखी एक दाखला लिहिला

आज सकाळी आमच्या मराठी शाळेच्या पटावरून आणखी एक नाव कमी झालं. दुसरीतली पोरगी. वडील दारातच चप्पल काढून उभे. "बाई, दाखला पायजे हुता. इंग्लिश मीडियमला घालालोय. तुमचं शिकवणं वाईट न्हवं, पण इंग्रजी ल्हानपणी आलं न्हाई की मग जल्मात येत न्हाई."

जल्मात येत नाही! डोकंच फिरलं माझं. शिक्का जरा जोरातच मारला.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझी ताई माहीत आहे. याच, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, अशाच कौलारू मराठी शाळेतली. एबीसीडी पाचवीत. घरी मराठी, कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड, टीव्हीवर हिंदी. धारवाडच्या विद्यापीठाची बी.ए., मग बी.एड. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळच कधी आली नव्हती. 2009 साली दाजींच्या मागोमाग न्यू जर्सीला गेली तेव्हा 31 वर्षांची होती.

तिकडं गेल्यावर एकदा मुलाला ताप आला. शाळेला कळवायचं होतं, दाजी ऑफिसात. तिनं कागदावर देवनागरीत लिहून काढलं, 'माय सन हॅज फीवर. ही विल नॉट कम टुडे.' दहा वेळा म्हणून बघितलं. टेप लागते, तिच्यावर बोलून ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक. तर पलीकडून जितीजागती बाई बोलली. 'गुड मॉर्निंग' आणि पुढं भराभरा काहीतरी. ताईनं फोन ठेवून दिला आणि ओट्याला टेकून रडली. तो कागद तिनं अजून जपलाय. मी बघितलाय. 'फीवर'मधला 'फी' दोनदा खोडलेला.

मराठी शाळेनं माझी वाट लावली, असं तेव्हा तीही म्हणाली होती. लपवत नाही.

नोकरीची तर परवानगीच नव्हती. नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्यासोबतच्या व्हिसावर, म्हणजे घरात बसा. गावातल्या लायब्ररीत इंग्रजीचे फुकट वर्ग चालायचे, तिथं जायला लागली. कोण पोलंडची, कोण कोरियाची. "सगळ्याच चुकत होत्या गं, मग लाज कुणाची वाटणार?" आणि व्याकरण? शेजारच्या बाकावरच्या बाईला पूर्ण वर्तमानकाळ आमच्या ताईनं समजावून दिला! कर्ता, कर्म, क्रियापद, काळ ओळखा, हे सगळं कौलांखाली मराठीतूनच पक्कं झालं होतं. हे त्या बापाला कुणी सांगायचं?

2015 च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम पुढं सरकलं होतं, त्या बायकांना काम करता यायला लागलं. ताई एका शाळेत पॅरा म्हणून लागली, म्हणजे वर्गशिक्षिकेच्या हाताखाली. बुटांच्या नाड्या बांधण्यापासून सगळं. मग शिक्षिकेचा परवाना काढायचं डोक्यात घेतलं. तर तीन वर्षांची बी.ए. तिकडं पुरी पदवी धरेनात, बी.एड. जोडलं तेव्हा कुठं चार वर्षं भरली. परवाना कशाचा, तर नव्यानं आलेल्या पोरांना इंग्रजी शिकवायचा. त्यासाठी तिचं स्वतःचं बोलणं तपासणार. आणि ती परीक्षा फोनवर! वीस-तीस मिनिटं पलीकडून माणूस प्रश्न विचारणार. ताईनं ती उभ्यानं दिली, ओट्याला टेकून.

पास झाली. व्ही आणि डब्ल्यू अजूनही तिला एकच.

त्या न्यू जर्सीत कायदा आहे. एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांत मिळून, एकाच भाषेची, इंग्रजी कच्चं असलेली 20 पोरं असली, तर त्यांच्या भाषेतूनही शिकवायची सोय करायची. वीस! आपल्या घटनेत 350 अ कलम आहेच, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. आणि आपण? 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातले मराठी म्हणून काळ्या फिती लावून फेरीत घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि जून उजाडला की पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये. फेरीत पुढं असणाऱ्या किती जणांची पोरं माझ्या पटावर आहेत? करा हात वर.

बरं, सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलंय, माध्यम निवडणं हा पालकांचा हक्क. असू दे.

आणि कुणी टोचायच्या आधी मीच लिहिते. माझा मुलगाही इंग्रजी माध्यमातच शिकला. ह्यांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. आता तो मराठी पेपर हातात घेतला की जोडाक्षराला अडखळतो, आणि मी दुसरीकडं बघते.

लिहिता लिहिता त्या बापावरचा राग उतरलाय. गवंडीकामाला रोज बेळगावला जातो. त्यानंही कुठंतरी, कधीतरी असाच फोन ठेवून दिला असेल. त्याशिवाय माणूस चप्पल काढून दारात असा उभा राहत नाही.

ताईच्या शाळेत एखाद्या नव्या आईचा फोन मधेच कट झाला, की ऑफिसवाल्या नंबर ताईकडं देतात. ती परत लावते. सावकाश बोलते.

दाखल्याच्या अर्जावर त्याचा नंबर आहे. उद्या लावते. पोरीला संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडं वाचायला पाठव म्हणते. उचलला तर.