जिऱ्याचा दशांश कसा काढावा

धार्मिक म्हणून नाव मिळवायचे असेल तर बायबलातली शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चार चरित्रे, अवश्य वाचावीत. मात्र त्यांतील येशूच्या बोलण्याकडे फार लक्ष न देता, त्याच्याशी वाद घालणारे काय करत होते तेवढे टिपून घ्यावे, कारण रोजच्या उपयोगाचे मार्गदर्शन त्यांच्याकडेच मिळते.

आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. जिऱ्याचा डबा ताटात उपडा करावा, दहा-दहा दाण्यांच्या ढिगल्या कराव्यात आणि प्रत्येक ढिगलीतला एक दाणा देवासाठी बाजूला काढावा. पुदिना आणि शेप यांच्या काड्यांचेही तसेच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात या दशांशासमोर न्याय, दया आणि विश्वास या अधिक महत्त्वाच्या गोष्टी मांडल्या आहेत, परंतु दयेच्या ढिगल्या करता येत नाहीत आणि न्यायाचा दहावा भाग द्यायचा तर उरलेले नऊ आधी आपल्याजवळ असावे लागतात. तेव्हा जिरेच बरे. पेय फडक्यातून गाळून मुरकूट (चिलट) वेगळे करण्याचा नेमही मोडू नये. त्याच ठिकाणी उंट गिळल्याचा उल्लेख आहे; लेवीयाच्या पुस्तकाप्रमाणे उंटही निषिद्धच, पण तो फडक्यात मावत नाही, त्याला आपला काय इलाज? ‘या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या’ या वाक्याच्या मात्र अलीकडेच थांबावे. ते जिरे मोजणाऱ्याला सोडत नाही आणि त्याला हसणाऱ्यालाही सोडत नाही.

शब्बाथाचे, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाचे, नियम पाळताना लूकाच्या 13व्या अध्यायातील सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा कित्ता गिरवावा. 18 वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री त्याच्यासमोर सरळ उभी राहिली. बरे करणारा येशू समोरच होता, तरी अधिकारी त्याला काही बोलला नाही. तो लोकांकडे वळून म्हणाला की कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. लेकी बोले सुने लागे ही रीत आपलीच आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याच दिवशी गोठ्यातला बैल सोडून पाण्यावर नेण्यास हरकत नव्हती, कारण बैलाला तहान लागते. बाईने 18 वर्षे काढलीच होती, आणखी एक दिवस तिला जड नव्हता.

हे सारे दोष यहुद्यांचे होते, अशी समजूत करून घेतल्यास वाचन अधिक सुखाचे होते. त्यासाठी येशू स्वतः यहुदी होता, त्याचा प्रेषित पौल परुशी, म्हणजे नेम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, होता आणि ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे येशूने ऐकवलेले वचन होशेय या संदेष्ट्याचे, म्हणजे यहुद्यांच्याच शास्त्रातले आहे, एवढ्या तीनच गोष्टी विसराव्या लागतात. शतकानुशतके अनेकांना ते सहज जमले आहे.

इतके सोपस्कार ज्यांना झेपत नाहीत, त्यांनीही निराश होऊ नये. कर्मकांडात काय आहे, मन शुद्ध हवे, असे म्हणावे. हा मार्ग स्वस्त आहे, त्यात जिरेसुद्धा लागत नाही. याकोबाच्या पत्रात त्याची कृती दिली आहे: उघडा, उपाशी बंधू भेटला की ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे प्रेमाने म्हणावे आणि हात खिशात ठेवावा.

सोवळ्याच्या बाबतीत मात्र योहानाच्या 18व्या अध्यायाला तोड नाही. पहाटेची वेळ आहे. बांधलेला कैदी, येशू, रोमी सुभेदार पिलाताच्या सरकारवाड्यात पोहोचवला गेला आहे आणि त्याला आणणारे बाहेरच थांबले आहेत, कारण आत पाऊल टाकले तर विटाळ होईल (मराठी बायबलातही हाच शब्द आहे, आपल्याला वेगळा शोधावा लागला नाही) आणि वल्हांडण सणाचे भोजन चुकेल. शेवटी रोमी सुभेदारच उठून बाहेर आला. देहदंडाची मागणी उंबऱ्याबाहेर उभे राहूनही करता येते. तिचा विटाळ होत नाही.

पैशाचे सोवळे मत्तयाने सांगितले आहे. येशूला धरून देणाऱ्या त्याच्याच शिष्याने, यहूदाने, मंदिरात फेकलेली चांदीची 30 नाणी मुख्य याजकांनी वेचली. हे रक्ताचे मोल आहे, दानकोशात टाकणे शास्त्राला धरून नाही, यावर त्यांचे एकमत झाले, विचारविनिमय करून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले गेले आणि दानकोश निर्मळ राहिला. ती नाणी यहूदाला मुळात कोणी मोजून दिली होती, हा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता.