व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येतो

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘आयसीयूचं काळं सत्य. तिथं खास डॉक्टर असा कुणी नसतो. व्हेंटिलेटर लावला की माणूस परत येत नाही. मेलेल्याला चार-चार दिवस यंत्रावर ठेवून बिल फुगवतात. बेळगावात तर काहीच सोय नाही, पेशंट थेट मिरज-कोल्हापूरला हलवा. वीस जणांना पाठवा.’ खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग.

मी १९ वर्षं आयसीयूत सिस्टर होते, त्यातली निम्म्याहून जास्त नाईट ड्युटी. मेसेजमध्ये थोडं खरंही आहे, म्हणून तर तो पसरतो. एकेक बघू.

‘खास डॉक्टर नसतो.’ असतो. त्याला इंटेन्सिव्हिस्ट म्हणतात. आधी भूलशास्त्र, मेडिसिन किंवा छातीच्या विकारांत एमडी, आणि त्यावर क्रिटिकल केअरचं डीएम किंवा डीआरएनबी, म्हणजे आणखी तीन वर्षं. हृदयवाला हृदय बघून जातो, किडनीवाला किडनी. हा माणूस सगळ्यांचा हिशेब एका ठिकाणी जुळवतो. रक्तात जंतू पसरून बीपी पडलेला पेशंट घ्या. सलाईन देत सुटलं तर फुप्फुसात पाणी भरतं, हात आखडला तर किडनी बसते. बीपीचं औषध पंपातून किती सोडायचं, दर तासाला लघवी किती झाली, अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलं का, हे बघत कुणीतरी खाटेजवळ उभं राहायला लागतं.

ही विद्या निघाली तीच माणसाच्या हातातून. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या दहापैकी आठ-नऊ पेशंट दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भुलेच्या डॉक्टरानं गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून श्वास दिला. मग मेडिकलची शेकडो पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसली, आणि मृत्यू चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरले. पुढच्याच वर्षी तिथं पहिला आयसीयू उभा राहिला.

आता खरं तेवढं सांगते. पाटीवर ‘आयसीयू’ लिहिलेल्या काही लहान दवाखान्यांत चार मॉनिटर आणि ऑक्सिजनची लाईन एवढंच असतं. मोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राऊंड मारून जातात आणि रात्री फोनवर सल्ला देतात. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक असलाच एखादा बघितला असेल. म्हणून भरती करताना एसी आहे का, टीव्ही आहे का ते राहू दे. रात्री दोन वाजता खाटेजवळ कोण असतं, ते विचारा. इंटेन्सिव्हिस्ट पूर्णवेळ आहे की बोलावल्यावर येतो? व्हेंटिलेटरवरच्या किती पेशंटमागे एक सिस्टर? एबीजीचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन आणि डायलिसिस तिथंच आहे, की सॅम्पल रिक्षातून दुसरीकडे जातं? विचारल्यावर जो चिडतो, त्यानंही उत्तर दिलंच म्हणायचं.

‘व्हेंटिलेटर लावला की परत येत नाही.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण यानं माणसं मेलीत.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडं भातशेती आणि जंगल. पावसाळ्यात भुईवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणसुद्धा धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे म्हणतात गॅस झाला. मग पापण्या उघडेनात, थुंकी गिळता येईना आणि श्वास अडकतो. असाच एक पोरगा आमच्याकडं आला. नळी घातली, सापाच्या विषावरची लस दिली, खरं मण्यारीच्या विषानं नसांची टोकं एकदा बिघडली की लस ती लगेच सरळ करत नाही. शरीरानंच ती भरून काढायची, तोवर श्वास यंत्रानं द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा काका म्हणाला, “सिस्टर, गेलाच की ओ तो. बुबुळबी हालत नाही. कशाला ठेवलाय?” त्याचं काही चुकलं नव्हतं. मण्यारीच्या विषात बुबुळ उजेडालासुद्धा दाद देत नाही, माणूस हुबेहूब मेल्यासारखा दिसतो. आत मात्र त्याला ऐकू येत असतं. आमच्या डॉक्टरांनी खाटेजवळ रडायला मनाई केली होती ती त्यासाठीच. पाचव्या दिवशी भुवई हलली, नवव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द काकाला उद्देशून होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

उसाच्या पट्ट्यात कीटकनाशक प्यायलेल्यांचंही तसंच. अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधानं सुधारतोय असं वाटतं आणि एक ते चार दिवसांत मान धरेना, श्वास पुरेना, असं होतं. तेवढे दिवस यंत्रानं काढले की पुष्कळ जण चालत घरी जातात.

न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेला म्हातारा आणि हा पोरगा यांची गोष्ट एक नाही, हे मान्य. तिथं मृत्यू पुष्कळ होतात, खरं ते आजारानं. आणि यंत्र कसं लावलं यानंही फरक पडतो. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दर श्वासाला हवा निम्मी केली, वजनाच्या किलोमागं १२ ऐवजी ६ मिलिलिटर, तर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. व्हेंटिलेटर तोच, बटण फिरवणारा जाणता. चांगल्या आयसीयूत रोज सकाळी भूल उतरवून पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघतात. तुमच्या माणसाचं आज बघितलं का, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

‘मेलेल्याला यंत्रावर ठेवतात.’ हृदय थांबलेल्याच्या छातीत यंत्र हवा भरेल, खरं काही तासांत अंग गार पडून ताठायला लागतं. चार दिवस कोण लपवेल? आत जाऊन हात धरून बघा, भेटीची वेळ त्यासाठीच असते. मेंदू मृत असणं, म्हणजे हृदय चालू आणि मेंदू कायमचा बंद, हे वेगळं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणं ते चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून लिहायचं असतं.

खरी तक्रार दुसरी आहे: आशा नसलेल्याला ओढत ठेवतात. होय, ठेवतात. कधी डॉक्टर तोंड उघडत नाहीत, कधी मुंबईहून आलेला मुलगा “सगळं करा” म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा वेळी उपचार थांबवायला वाट दिली, २०२३ मध्ये ती सोपी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं त्यासाठी परिपत्रक काढलं. डॉक्टरांशी बसून बोला, आणि संमतीचा कागद कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

बिलाचं म्हणाल तर रोजचा तपशील रोज मागा. बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत सोय आहे. कार्ड पहिल्याच दिवशी काउंटरवर दाखवा.

‘बेळगावात काहीच नाही.’ मग महाराष्ट्रातला अख्खा चंदगड तालुका सीमा ओलांडून इकडं कशाला येतो? नेहरूनगरात केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, सरकारी बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, दोन्ही मेडिकल कॉलेजची. निपाणीच्या माणसानं कोल्हापूर गाठावं, कागवाडच्यानं मिरज, त्यांना तेच जवळ. खानापूरच्यानं मात्र बेळगाव सोडून पुढं जायचं कारण नाही. आधी जवळ जाऊन श्वास आणि बीपी सावरायचं, हलवायचं ते नंतर. तेही पलीकडं खाट पक्की करून, कागदपत्रं घेऊन, गाडीत व्हेंटिलेटर आणि तो चालवणारा माणूस असेल तरच.

एकदा एका घरच्यांनी असाच हट्ट करून पेशंट कोल्हापूरला हलवला. सोबत मी. संकेश्वरच्या पुढं गाडीतलं यंत्र बंद पडलं. तवंदीचा घाट आणि पुढची सगळी वाट मी अंबू बॅग, म्हणजे तीच हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत गेले, आणि पेशंटचा भाऊ समोर बसून मोठ्यानं आकडे मोजत होता, माझी लय चुकू नये म्हणून.