चार्ल्स्टनच्या मंडळीने फक्त क्षमा केली, हे खरं नाही

ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: ‘अमेरिकेत चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. मंडळीने दोन दिवसांत त्याला माफ केलं. कोर्टकचेऱ्या नाहीत, मागण्या नाहीत, राजकारण नाही. अन्यायाला ख्रिस्ती उत्तर हेच.’ मीही ख्रिस्ती आहे आणि क्षमेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हा मजकूर मला टोचतो.

आधी क्षमेचंच बघू. 17 जून 2015, बुधवारची संध्याकाळ. इमॅन्युएल आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये बायबल अभ्यास चालू होता. मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. तो तरुण बराच वेळ त्यांच्यात बसला, आणि शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटल्यावर त्याने पिस्तूल काढलं. 19 जूनला जामिनाच्या सुनावणीत तो तुरुंगातून पडद्यावर दिसत होता. चर्चची देखभाल करणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाई त्या रात्री मारल्या गेल्या होत्या. त्यांची मुलगी उठली आणि म्हणाली की आईला मी आता कधीच जवळ घेऊ शकणार नाही, पण मी तुला क्षमा करते. हे घडलं, आणि ते वाचताना आजही माझा गळा दाटतो.

पण ती स्वतःपुरती बोलली. आणखी काही नातेवाईकही तसंच बोलले. मंडळीने ठराव करून कुणाला माफी दिली नव्हती. त्याच आईची दुसरी मुलगी, जी स्वतः पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहे, तिला क्षमेपर्यंत पोचायला दोन वर्षांहून जास्त लागली, आणि तिने हे लोकांसमोर सांगितलं. मजकुरात ही बहीण कुठेच नाही. तिला गाळून सांगितलेली गोष्ट मला खोटी वाटते.

‘कोर्टकचेऱ्या नाहीत’ हे तर साफ चूक. डिसेंबर 2016 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्या रात्री वाचलेल्या बायकांनी साक्षी दिल्या. जानेवारी 2017 मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. शिवाय कुटुंबांनी खुद्द अमेरिकी सरकारवर दावा लावला. बंदूक विकण्याआधी एफबीआय गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासते, पण कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार ती विकू शकतो. या तरुणाच्या अमली पदार्थांच्या प्रकरणामुळे त्याला बंदूक नाकारली जायला हवी होती. नोंदींच्या घोळात मुदत उलटली आणि पिस्तूल त्याच्या हातात पडलं. 2021 मध्ये सरकारने 8 कोटी 80 लाख डॉलर देऊन तडजोड केली. क्षमा आणि दावा ही दोन्ही कामं त्याच कुटुंबांमधून झाली.

‘मागण्या नाहीत’ म्हणणाऱ्यांनी चार्ल्स्टन ज्या राज्यात आहे त्या साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या आवारातला झेंडा आठवावा. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या राज्यांचा तो झेंडा. मारल्या गेलेल्या पाळक क्लेमेंटा पिंकनी यांची शवपेटी तिथे आणली तेव्हा बाकीचे झेंडे अर्ध्यावर होते आणि हा मात्र पूर्ण उंचीवर फडकत होता. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जुलै 2015 ला तो उतरला.

राहिला राजकारणाचा मुद्दा. ही मंडळीच मुळात कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चमधून बाहेर पडून, सुमारे 1818 मध्ये उभी केली. भांडणाचं एक कारण दफनभूमी होतं. 1822 मध्ये गुलामांच्या उठावाचा कट उघड झाला, कटाचा म्होरक्या आणि याच मंडळीचा सदस्य डेन्मार्क व्हेसी याच्यासह 35 जणांना फाशी झाली, आणि चर्चची इमारत नष्ट करण्यात आली. 1834 नंतर कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र मंडळ्यांवर बंदी आली, तेव्हा लोक लपून उपासना करत राहिले.

आणि पाळक क्लेमेंटा पिंकनी स्वतः राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. एप्रिल 2015 मध्ये जवळच नॉर्थ चार्ल्स्टनला वॉल्टर स्कॉट या निःशस्त्र कृष्णवर्णीयाला पोलिसाने पाठीत गोळ्या घातल्या. एका वाटसरूने चित्रीकरण केलं नसतं तर पोलिसाचंच म्हणणं खरं ठरलं असतं. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असावेत म्हणून पिंकनी मे महिन्यात सिनेटमध्ये बोलले आणि त्यांनी थोमाचा दाखला दिला: येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण बघेपर्यंत विश्वास न ठेवणारा त्याचा शिष्य थोमा. आपणही ती चित्रफीत बघितली तेव्हाच विश्वास ठेवला, असं त्यांचं म्हणणं होतं. 10 जूनला त्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. 17 जूनला पिंकनी दिवसा राज्याच्या राजधानीत, कोलंबियात, सिनेटच्या कामाला होते. तिथून गाडीने चार्ल्स्टनला परतले आणि बायबल अभ्यासाला जाऊन बसले.