नव्याण्णव टक्क्यांवरून परत शून्य
६ जीबीची फाइल. इंटरनेटवर फाइल साठवणाऱ्या तीन सेवांवर ठेवायची, कारण एकाच सेवेवर विसंबून एकदा हात पोळलेत. तीन टॅब उघडले, तिन्हीकडे एकदम अपलोड लावलं. माझा अपलोडचा वेग १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी (मेगाबाइट). एक प्रत चढायला ८० मिनिटं, तर तीन प्रतींना चार तास, कारण तोच वेग तिघांत वाटला जातो. तेही चालेल, थांबते मी. पण ९९ टक्क्यांवर नेट क्षणभर गेलं आणि पहिल्या सेवेची पट्टी सरळ शून्यावर! अरे, फाइलचे तुकडे करून पाठवायचे आणि जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करायचं, हे तंत्र कधीचं उपलब्ध आहे. मग वापरत का नाही?

दुसऱ्या सेवेने तर कहर केला. सगळं चढवून घेतलं आणि मग सांगितलं, फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. फाइल निवडली त्याच क्षणी ब्राउझरला तिचा आकार कळतो. तेव्हाच सांगा ना! माझे चार तास काय वाटेवर पडलेत?

तिसरीकडे एकदाची पोचली. रात्रीचा दीड वाजलाय, आणि पहिल्या टॅबमध्ये पट्टी परत ३ टक्क्यांवर आहे.